आईने मुखडा उचलला तेव्हा

जव्हारला बाजारपेठेतून खाली उतरणाऱ्या गल्लीच्या टोकाला एक जुनी भातगिरणी आहे. भात सडायचं यंत्र केव्हाच विकलं गेलं, पण पावसाळी हवा असली की भिंतींना अजून कोंड्याचा वास येतो. मला शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंच्या यजमानांची ही गिरणी. ते गेल्यावर बाईंनी ती भाड्यानेही दिली नाही आणि पाडलीही नाही. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी भिंतींना चुना लावून घेतला, खाली सतरंज्या घातल्या आणि महिन्यातल्या एका रविवारी तिथे गाण्याची बैठक ठेवायला सुरुवात केली. वेळ दुपारी तीनची, कारण सहाच्या आत मोखाड्याच्या आणि विक्रमगडच्या माणसांना परतीची गाडी मिळायला हवी. दाटीवाटीने बसलं तर पन्नास माणसं मावतात. माईक नाही. बाई म्हणतात, एवढ्याशा जागेत माईक लावणं म्हणजे शेजारी बसलेल्याला फोन करण्यासारखं आहे.

मी मोखाड्याच्या पंचायत समितीत कारकून आहे. खोली जव्हारला, रोज एसटीने जाऊन येऊन. अशाच एका सकाळी गाडीत बाई भेटल्या. त्यांनी मला ओळखलं, शेजारी बसवलं आणि विचारलं, "गाणं ऐकतेस का गं?"

"ऐकते की. फोनवर."

"फोनवर नव्हे. माणसासमोर बसून."

तसं कधी ऐकलं नव्हतं. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

पहिल्यांदा गेले तेव्हा उशीर झाला होता आणि जागा फक्त सगळ्यात पुढे उरली होती. गर्दीतून वाट काढत तिथे जाऊन बसताना फार लाज वाटली. समोर एक सारंगीवाले बसले होते, माझ्या गुडघ्यापासून त्यांची सतरंजी दोन हातांवर. मला वाटत होतं, ही वाद्यं बोटांच्या टोकांनी वाजवतात. ते तार नखांच्या मुळाशी, कातडीने दाबत होते. त्या जागी त्यांना घट्टे पडले होते, नांगर धरणाऱ्याच्या तळव्याला पडतात तसे. गज तारेवरून फिरला की आधी एक बारीक खरखर यायची आणि तिच्या आतून सूर उमटायचा. फोनमध्ये ती खरखर कधीच ऐकू आली नव्हती. मला राग कळत नव्हता, ताल कळत नव्हता. पण एक सूर त्यांनी इतका वेळ धरून ठेवला, की आपणही श्वास धरून बसलोय हे मला छातीत दुखायला लागल्यावर समजलं.

बाहेर पडताना मी बाईंना म्हटलं, "मला काहीच समजलं नाही."

"पुढच्या महिन्यात परत ये," त्या म्हणाल्या. "तेव्हाही नाही समजलं तर त्याच्या पुढच्या."

मी जात राहिले. बासरी ऐकली, सतार ऐकली, एकदा नुसता तबला ऐकला. हळूहळू काही गोष्टी कळायला लागल्या. बंदिशीची पहिली ओळ, जिला मुखडा म्हणतात, ती पुन्हा पुन्हा परत येते. गाणारा कितीही लांब भटकून आला तरी मुखडा धरून तालाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, उतरतो. तो उतरला की सगळ्या गिरणीतल्या माना एकदम हलतात. माझी मान पहिल्यांदा बरोबर जागी हलली, त्या दिवशी मी एसटी स्टँडपर्यंत उगाचच हसत गेले.

माझी आई साखरशेतला असते. भात आणि नागलीची शेती, दोन म्हशी, माझा भाऊ, भावजय. त्या वर्षी खळ्याचं काम उरकल्यावर तिला जव्हारच्या दवाखान्यात आणून मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. आठ-दहा दिवस धूळ-धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं, म्हणून तिला माझ्या खोलीवर ठेवून घेतलं. डोळ्यांवर काळा चष्मा, हाताला काम नाही, घरात चूल नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मना कुठं तरी घेऊन चल, नायतर घरा जाऊ दे."

तो नेमका बैठकीचा रविवार होता.

इथे आईबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ती धवलेरी आहे. आमच्यात लग्न लावायचं ते धवलेरीने, गाणी गाऊन. हळदीपासून नवरी बाहेर पडेपर्यंत प्रत्येक कामाचा एक धवला, म्हणजे त्याचं गाणं, असतो. तो गायल्याशिवाय ते काम झालं असं धरत नाहीत. दोघी-तिघी मिळून गातात. लहानपणी मी तिच्या मांडीवर झोपून हे सगळं ऐकलं असणार. पुढे आश्रमशाळेत गेले, मग जव्हारच्या हायस्कुलात, आणि सुट्टीत कुणाच्या लग्नाला गेले की मी आईपासून लांब, डीजे लावलेल्या बाजूला उभी राहायचे. बरोबरच्या मुलींनी विचारलं, "ती गातेय ती तुझी आई ना?" तर मी दुसरंच काही बोलायचे. गिरणीत जायला लागून दोन वर्षं होत आली होती, तरी तिथे ऐकलेलं आणि आई गाते ते, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी शेजारी बसल्या नव्हत्या.

त्या दिवशी गायला नाशिकहून एक बाई आल्या होत्या. सत्तरीला टेकलेल्या, बारीक अंगाच्या, साधी सुती साडी. मोखाड्याच्या घाटातून गाडी लागत लागत आल्या, त्यामुळे चेहरा उतरलेला. त्यांच्या मागे बसून आवाजाची साथ करणारी शिष्या तापाने आजारी पडली होती, म्हणून तानपुरा आमच्या बाईंनीच हातात घेतला. बाईंना तानपुरा येतो, गाणं येत नाही. हार्मोनियम आणि तबल्याला दोन वादक होते.

मी आईला दुसऱ्या रांगेत भिंतीला टेकवून बसवलं आणि कानात सांगितलं, "आये, इथं मधे बोलायचं नसतं."

"लगीन हाय का बोलायला?" ती म्हणाली आणि पाय पोटाशी घेऊन बसली.

तानपुरा सुरू झाला तशी तिने मान वर केली. चष्म्याआडून तिला धड दिसत नव्हतं. हळू आवाजात मला विचारलं, "हे कोण थाळ वाजवतंय?" आमच्याकडे मयताच्या कार्याला भगत काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी चिकटवतात आणि ती काडी बोटांनी ओढत राहतात. त्याचा एक न तुटणारा, घुमणारा आवाज येतो आणि त्या आवाजावर गोष्ट गातात. मी म्हटलं, "थाळ नाही, तानपुरा आहे." तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नाही हे मला दिसलं. आणि मी स्वतः कान देऊन ऐकलं, तर खरंच तोच आवाज होता. दोन वर्षं मी ऐकत होते आणि मला ते ओळखू आलं नव्हतं.

त्या बाईंनी सुरुवात फार सावकाश केली. खालच्या सुरांत इतका वेळ फिरल्या, की मागे बसलेले एक गृहस्थ चुळबूळ करायला लागले. मग बंदिश आली, विलंबित, तालाची एकेक फेरी, एकेक आवर्तन, म्हणजे नांगराचं शेतभर लांब एकेक तास. शब्द हिंदीसारखे काहीतरी, आईला त्यातला एकही कळला नसावा. पण मुखडा चार-पाच वेळा येऊन गेल्यावर मला दिसलं, की तिच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर हलतोय. समेला अंगठा टेकायचा. मला समेवर मान हलवायला दीड वर्ष लागलं होतं. तिला अर्धा तासही लागला नाही.

साधारण पाऊण तास झाला असेल. गाणाऱ्या बाई आता वरच्या सुरांत चढल्या होत्या. डोळे मिटलेले, एक हात वर गेलेला, आणि गिरणीत कुणी कूस बदलत नव्हतं. वरच्या षड्जावर त्या पोचल्या आणि आवाज फाटला.

त्या थांबल्या, खाकरल्या, पुन्हा गेल्या. पुन्हा फाटला. या वेळी नुसती हवाच आली. त्यांनी हार्मोनियमवाल्यांकडे पाहिलं. ते तो सूर धरून बसले. तबला चालूच होता, कारण तबला थांबवला की संपलंच. आवर्तन शेवटाकडे आलं होतं. सम जवळ येत होती आणि मुखडा धरायला कुणी नव्हतं. मला आठवतंय, मी मूठ आवळली होती. आपल्या समोर एक म्हातारं माणूस पडतंय आणि आपण हात पुढे करू शकत नाही, तसं झालं होतं.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

आईने मुखडा उचलला होता. शब्द मोडके-तोडके, काही ठिकाणी शब्दांच्या जागी नुसता आ-कार, पण सूर तोच आणि जागा तीच. बारीक, नाकातून येणारा, उघड्या मांडवात गायची सवय असलेला तिचा आवाज. ती समेवर उतरली, अगदी ठोक्यावर.

मी तिचं मनगट घट्ट धरलं. माझे कान तापले. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या होत्या. मी "आये, गप," असं म्हणणार, तर समोरून गाणाऱ्या बाईंनी हात वर केला. माझ्याकडे बघून. राहू दे, असा.

आईला हे काही दिसलं नाही. तिने पुढचं आवर्तन तसंच जाऊ दिलं, मधे काही भरायला गेली नाही, आणि मुखड्याची वेळ आल्यावर तो पुन्हा धरला. तबलावाले एव्हाना हसत होते आणि ठेका तिच्यासाठी जरा मोकळा, सोपा करून देत होते. बाईंनी कोमट पाण्याचे दोन घोट घेतले, डोळे मिटून बसल्या. तिसऱ्यांदा आईने मुखडा उचलला तेव्हा तिच्या आवाजाखालून, अगदी खालच्या सुरांतून, बाईंचा आवाज आत आला. क्षणभर दोन्ही आवाज बरोबर चालले. मग आई थांबली. विझत विझत नाही की चटकन तुटूनही नाही. डोक्यावरचा भारा दुसऱ्या बाईच्या डोक्यावर नीट टेकला की मगच आपण हात सोडतो, तशी.

त्यानंतर बाई आणखी तासभर गायल्या. वरच्या षड्जाला त्या दिवशी परत गेल्याच नाहीत. खालीच राहिल्या आणि त्या खालच्या चार-पाच सुरांत त्यांनी काय केलं ते मला सांगता येणार नाही. माझ्या पुढे बसलेल्या दवाखान्यातल्या सिस्टर पदराने डोळे पुसत होत्या. तबलावाल्यांची नजर बाईंच्या ओठांवरून हलत नव्हती. मला फक्त एवढं कळत होतं, की इथे काहीतरी चाललंय आणि ते चालू असताना आपण इथे आहोत. असं पुन्हा मिळेल की नाही ठाऊक नाही.

संपल्यावर लोक उठले. ते चुळबुळणारे गृहस्थ मला हळूच म्हणाले, "आजींना आधी समजावून आणायला हवं होतं."  पण तेवढ्यात गाणाऱ्या बाईंनी आईला पुढे बोलावलं. मी तिला हाताला धरून नेलं.

"ताई, तुम्ही गाणं कुठे शिकलात?" त्यांनी विचारलं.

"काय शिकायचा?" आई म्हणाली.

"मग मुखडा कसा उचललात?"

"तुजा दम अडकला ना." आमच्या बोलीत सगळ्यांना तूच. साहेबालाही तू, देवालाही तू. मी मधे पडून "तुमचा, तुमचा" असं पुटपुटले, तर बाईंनी मला हाताने गप्प केलं. आई बोलतच होती, "आमच्यात एकीचा दम गेला, का दुसरी उचलं. लगीन मधीच सोडता येत नाय. मना वाटला, तुज्या पाठी कोणी बाय गात नाय, तं आपुन उचलू."

"आणि थांबलात कशा बरोबर?"

आईला हा प्रश्नच विचित्र वाटला. "तू आली ना मंग."

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. त्यांनी आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. म्हणाल्या, "तुमचं एखादं गाणं ऐकवाल का? इथेच, आम्ही सगळे बसतो परत."

लोक लगेच बसायला लागले. कुणीतरी फोन काढला. मला आतून फार वाटत होतं, की तिने गावं. इतकी वर्षं जिच्यापासून लांब उभी राहिले, तिला या लोकांनी ऐकावं, आणि मी तिच्या शेजारी असावं.

आई म्हणाली, "इथं? नवरी कुठं हाय?"

सगळे हसले. आई हसली नाही. ती समजावून सांगायला लागली, "चौक काढेल नाय, हळद नाय, नवरा नाय. मंग मी कोणाचा लगीन लावू?"

"नुसतंच गायचं, ऐकण्यासाठी," आमच्या बाई म्हणाल्या.

"नुसता कसा गावाचा?"

तिला खरंच कळत नव्हतं. गाणाऱ्या बाईंना मात्र कळलं. त्यांनी फोनवाल्याला फोन ठेवायला सांगितला आणि आईला विचारलं, "मग लग्न असेल तेव्हा मला बोलवाल?"

"ये ना. माज्या पुतणीचा लगीन हाय माघात."

मला वाटलं, हे असंच बोलण्यापुरतं. पण माघ लागला आणि आमच्या बाईंचा फोन आला, की नाशिकहून पाहुण्या येताहेत, गावात गाडी जाते ना?

गाडी दारापर्यंत जात नाही. शेवटची चढण पाहुण्या आणि आमच्या बाई, दोघी माझ्या हाताला धरून चढल्या. माझ्या काकांच्या अंगणात मांडव होता, जांभळीच्या डहाळ्यांचा. घरात भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढलेला. त्याच्यासमोर आई आणि आणखी दोघी गायला बसल्या होत्या. आत दहा-बारा बायकांपुरतीच जागा. भावजयीने पाहुण्यांना खुर्ची आणली, ती त्यांनी बाजूला सारली आणि त्या खाली चटईवर, दाराच्या उंबऱ्याशी बसल्या.

आईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा चौकाकडे तोंड केलं. मग चार तास पाहिलं नाही.

मी त्या चार तासांत माझ्या आईला पहिल्यांदा ऐकलं. गिरणीत कान जसे द्यायला शिकले होते, तसे दिले. तीन बायका, एकच चाल, वरवर पाहता कुठे काही बदलत नाही. पण एक ओळ संपायच्या आधी दुसरीने कुठे शिरायचं, नवरीच्या अंगाला हळद लावणारा हात जड झाला की चाल किती सैल सोडायची, बाहेर कुणाचा तरी कालवा झाला की आवाज कसा न वाढवता तीक्ष्ण करायचा, हे सगळं चाललेलं होतं. देवांना एकेकाला नाव घेऊन बोलावत होत्या. डोंगराचा, पाण्याचा, कणसाचा. गावातल्या माणसाला हाक मारावी तशा साध्या हाका, आणि तरी माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. शेजारी बसलेली काकू तांदूळ निवडत होती. तिला यात नवल काहीच नव्हतं. मला मात्र वाटत होतं, की हे घर, ही कुडाची भिंत, या बाया, सगळं आत्ता गाण्याने उभं धरलंय.

पाहुण्यांनी काहीही टिपून घेतलं नाही, काही विचारलं नाही. मधे एकदा बायकांनी त्यांना खुणेने बोलावलं, गा म्हणून. त्यांनी प्रयत्न केला. त्यांना चाल धरता आली, पण ओळ कुठे सोडायची ते जमेना. दोनदा चुकल्या आणि सगळ्या बाया खदखदून हसल्या. त्याही हसल्या, तोंडाला पदर लावून, लहान मुलीसारख्या.

उतरताना पाहुण्यांनी माझा हात धरला होता. गाडीपाशी आल्यावर मला म्हणाल्या, "मी लहान असल्यापासून गाते. समोर माणसं बसतात आणि मला सारखं दिसत असतं, कोण डुलतंय, कोण उठून गेलं. तुझी आई कुणाकडे बघतच नव्हती गं. ती काम करत होती."

मी त्यांना सांगितलं, की मी हे सगळं लहानपणी टाळायचे.

"माझी मुलगीही टाळायची," त्या म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

त्याला आता काही वर्षं झाली. त्या बाई पुन्हा दोनदा गिरणीत गाऊन गेल्या, शिष्येला बरोबर घेऊन. दोन्ही वेळा त्यांनी आईला पुढे बसवलं आणि दोन्ही वेळा आईने तोंडातून अक्षर काढलं नाही. "तिच्या पाठी बाय हाय आता," ती म्हणाली.

आई मात्र बैठकीला येते. शेतीच्या कामाचे महिने सोडले, तर रविवारी सकाळच्या जीपने जव्हारला उतरते, माझ्याकडे जेवते आणि अडीचलाच गिरणीत जाऊन भिंतीची जागा धरते. तिची स्वतःची मतं आहेत. संतूर तिला पत्र्यावरच्या पावसासारखं वाटलं आणि ती झोपून गेली. एका नावाजलेल्या गायकाच्या झपाट्याच्या तानांवर सगळे वाहवा करत होते, तेव्हा ती मला म्हणाली, "हा घाबरलाय."

मागच्या महिन्यात एक पखवाजवादक आले होते. मोठा, आडवा पखवाज, डाव्या तोंडाला ओली कणीक लावलेली. त्यांनी पहिली थाप मारली आणि तिचा आवाज कानात यायच्या आधी बुडाखालच्या फरशीतून आला. आईने सतरंजीची कड मागे सारली आणि उघड्या फरशीवर पंजा ठेवला. मग माझा हात ओढून तिच्या हाताशेजारी ठेवला. आमच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी आमच्याकडे पाहिलं आणि एकेकाने आपापल्या पुढची सतरंजी बाजूला केली. दीड तास आम्ही सगळे तसेच बसलो होतो, जमिनीला हात लावून.